सोसायटीचा खतखड्डा बंद, मिळकतकरातली सूट चालू. काय करावं?

पेठेबाहेरचा

मंडळी, गेल्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरीपदाची माळ माझ्या गळ्यात पडली. (सर्वसाधारण सभेला वीस मिनिटं उशिरा गेलो, एवढाच गुन्हा.) पुणे, ६४ फ्लॅट, इमारत चौदा वर्षांची.

जुन्या फायली चाळताना लक्षात आलं की गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकतकरात ५ टक्के सूट आम्ही सगळेच दरवर्षी घेतोय. माझ्या बिलात ती सहाशे-साडेसहाशे रुपये भरते. प्रकल्प आहे कुठे म्हणून वॉचमनला विचारलं. त्याने पार्किंगच्या मागे नेलं. तीन खणांचा विटांचा हौद. पहिल्या खणात कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटक्या फरशा, दुसऱ्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू, आणि तिसऱ्यात मांजर व्यालेली.

कमिटीत तीन मतं. एक, गप्प बसा, कोणी बघायला येत नाही. दोन, कंत्राटदार नेमून पुन्हा सुरू करा. तीन, सूट सोडून द्या, सहाशे रुपयांसाठी वास कोण सहन करणार.

सल्ला हवाच आहे, पण मला पडलेला खरा प्रश्न वेगळा आहे. सूट, दंड, दरमहा शुल्क, फुकट बकेटा, जनजागृतीची पथनाट्यं, सगळं करून झालं. यातल्या कशामुळे तुमच्या घरात कचरा वेगळा व्हायला लागला? ऐकीव नको, स्वतःच्या ओट्याखालचं सांगा.

खवचट_खारूताई

आमच्याकडे दोन बकेटा आल्या, हिरवी आणि पांढरी. दोन्हींवर नगरसेवकांचं नाव आणि हसरा फोटो. हिरवीत सासूबाई तांदूळ ठेवतात, पांढरीत गच्चीवरच्या कुंड्यांसाठी पाणी. कचऱ्याला साहेबांचा चेहरा लावायचा म्हणजे अपमान नाही का!

वाटसरू७

पहिल्या खणात फरशा, दुसऱ्यात बांबू, तिसऱ्यात मांजर. वर्गीकरण तर झालेलंच आहे की! सूट घ्या खुशाल.

नियमबद्ध

गमतीचा भाग सोडून थोडं कोरडं लिहितो.

आधी तुमच्या सोसायटीवर सक्ती आहे की नाही ते बघा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दोन वेगळे निकष ठेवले होते (एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम आलेत, तेही बघून घ्या). रोज सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारा तो 'मोठा कचरा निर्माता'. आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातल्या बंदिस्त वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. ६४ घरं, घरटी अर्धा-पाऊण किलो ओला धरला तर तुमचे रोजचे बत्तीस ते अठ्ठेचाळीस किलो होतील, सुका धरूनही शंभरी गाठणं कठीण. म्हणजे त्या नियमांप्रमाणे प्रश्न भूखंडाच्या क्षेत्रफळाचा उरत होता. ते इंडेक्स टूवर (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) सापडलं नाही तर मंजूर नकाशावर मिळेल.

कचरा वेगळा करून देणं मात्र प्रत्येक घरावर बंधनकारक आहे, मग बंगला असो की वन रूम किचन. २०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग होते. ही जबाबदारी कचरा करणाऱ्याची, असं नियमच म्हणतात.

हे एका रात्रीत आलेलं नाही. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यातून २००० सालचे पहिले नियम निघाले. प्रक्रिया प्रकल्प उभारायला शहरांना २००३ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली होती. ती कोणी किती पाळली ते आपापल्या शहराच्या वेशीवर जाऊन बघावं, वासावरून पत्ता सापडतो.

राहता राहिली तुमची सूट. पुण्यात सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं पुनर्भरण आणि गांडूळखत यांपैकी एक असेल तर ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के. ती चालू प्रकल्पाला आहे, बांधलेल्या हौदाला नाही. तपासणी होते, आणि प्रकल्प बंद दिसला तर सूट जाते. 'कोणी बघायला येत नाही' म्हणणाऱ्या सभासदांना हे वाचून दाखवा.

आडगावचा_शहाणा

मी स्पष्टच बोलतो. मिळकतकर भरतो, त्यात सफाईपट्टी वेगळी भरतो. वर कचरा वेगळा मी करायचा, खत मी करायचं, ते विकायचंही मीच? मग पालिका काय करणार? आमच्या शहरात (नाव घेत नाही) मी दोन वर्षं इमानदारीत वेगळा दिला. एके दिवशी घंटागाडीच्या मागे स्कूटर होती म्हणून दिसलं, दोन्ही एकाच पोटात! त्या दिवसापासून एकच पिशवी.

सोनचाफा

@आडगावचा_शहाणा, हा अनुभव माझाही आहे, म्हणून चिडू शकत नाही. पण आमच्या गल्लीतल्या बायकांनी दुसरा मार्ग काढला. गाडीला आतून पत्र्याचा आडवा पडदा लावेपर्यंत मुकादमाला रोज फोन. रोज म्हणजे रोज, पाळी लावली होती. सतराव्या दिवशी पडदा आला. आता एखाद्याने मिसळून आणला तर गाडीवरचा पोरगाच ओरडतो.

रानजाई

मी काही वर्षं कचरावेचक बायकांच्या संघटनेबरोबर काम केलंय, तर थोडं लांबण लावते.

पुण्यात 'कशामुळे' याचं उत्तर करातल्या सुटीच्या आधीपासून रस्त्यावर होतं. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. तेव्हा या बायका उकिरडा चिवडून माल काढायच्या, कुत्री चावायची, पोलिस चोर समजायचे. पहिली मागणी पैशांची नव्हती, ओळखपत्राची होती. पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन त्या दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. घरटी महिन्याचं शुल्क थेट त्यांना, आणि सुक्यातला विकण्याजोगा माल त्यांचा.

यात खुबी कुठे आहे बघा. तुम्ही कचरा एकत्र दिलात तर गाडीवाल्याचं काही बिघडत नाही, वजन तेवढंच. कचरा वेचणाऱ्या ताईचं बिघडतं. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. त्यामुळे ती दारात उभं राहून सांगते, 'वहिनी, हे असं नका देऊ.' उद्या परत तीच येणार असते. दंडाची पावती एकदा फाडून होते, ताई रोज येते.

सगळं गोड आहे असं नाही. चिप्सची, बिस्किटांची चकचकीत पाकिटं आत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमची चिकटवलेली असतात, त्यांना भंगारात भाव नाही. ती ताई उचलते, छाटते, आणि पदरात काही पडत नाही. सॅनिटरी पॅड, डायपर तर विचारूच नका. २०१३ च्या महिला दिनाला या बायकांनी वापरलेल्या पॅडची पाकिटं भरून पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली होती, की घ्या, तुमचा माल तुम्हीच हाताळा. २०१६ च्या नियमांत उत्पादकांनी गुंडाळायला पाकीट द्यावं असं आलं. तोवर आणि अजूनही आपण एवढं करू शकतो की कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. तो ठिपका म्हणजे 'उघडू नको, बाई.'

कोवळं_ऊन

रानजाई, लाल ठिपक्याचं वाचून शरमले. पस्तीस वर्षांची आहे मी, आणि काळ्या पिशवीत घातलं की ते अदृश्य होतं असं समजत आले. आजच ड्रॉवरमध्ये लाल स्केचपेन ठेवलं.

खवचट_खारूताई

रानजाईंचा प्रतिसाद पटला, पण एक बोचरं विचारते. 'वहिनी, असं नका देऊ' असंच का? 'दादा, असं नका देऊ' का नाही? या सगळ्या धोरणांत घर घर म्हणतात, प्रत्यक्षात एका बाईचं अजून एक काम वाढतं. आमच्याकडे नवरा ग्रीन प्लॅनेटवर दोन तास बोलतो आणि चहाचा चोथा सुक्यात टाकतो.

वाटसरू७

चहाचा चोथा वाळला की सुकाच ना? (पळतो.)

नियमबद्ध

@खारूताई, मुद्दा मान्य. आणि बहुतेक घरांत शेवटचा हात मोलकरणीचा असतो. तिला कोणी सांगतच नाही, नुसतं रागावतात. आमच्याकडे सगळं सुरळीत झालं ते मी ओट्याखाली दोन डबे ठेवण्याऐवजी एक ओट्यावर आणि एक बाल्कनीत ठेवला तेव्हा. हात जवळ जातो तिथे ओला, चार पावलं चालावं लागतं तिथे सुका. धोरण-बिरण नाही, सुतारकाम.

तळकोकणी

आमच्या वेंगुर्ल्यात येवन बघा मगे बोला. रामदास कोकरे मुख्याधिकारी होते तेव्हापासून हयसर कचऱ्याचे दोन नाय, ढीगभर प्रकार वेगळे करतत. जुन्या डंपिंग ग्राउंडची जागा आता बाग आसा, लोक फिराक येतत. ओल्याचो बायोगॅस, प्लॅस्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. पावणे इले की आमी समुद्र दाखवचे आधी कचरो दाखवतो!

(आता प्रमाण मराठीत) नगरपालिका लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, हा फायदा आहेच. कोकरेसाहेब पुढे कल्याण-डोंबिवलीत गेले, तिथेही शून्य कचरा मोहीम राबवली आणि आधारवाडीचं डंपिंग ग्राउंड बंद झालं. म्हणजे फक्त 'लहान गाव' ही सबब पुरणार नाही.

बाराची_गाडी

तळकोकणी, कल्याणकर म्हणून सांगते. आधारवाडी बंद झालं हे खरंच मोठं काम. खाडीच्या बाजूने ट्रेन यायची तेव्हा डोळे मिटूनही कल्याण आल्याचं कळायचं. पण कचराकुंड्या उचलल्या तेव्हा पहिले काही महिने लोक रात्री बाराला पिशवी घेऊन बाहेर पडायचे. कुत्रं फिरवायच्या निमित्ताने. ज्यांच्याकडे कुत्रं नाही तेसुद्धा.

हायडेलबर्गी_पोहे

जर्मनीत नऊ वर्षं आहे. इथे लोक जन्मतः शिस्तीचे असं कोणी सांगत असेल तर हसा. इथे पैसा आहे आणि शेजारीण आहे.

पैसा म्हणजे, एकदाच वापरायची बाटली घेताना २५ सेंट अनामत द्यावी लागते, प्लॅस्टिक असो की कॅन. सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत टाकली की चिठ्ठी मिळते. बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८ सेंट. कोणी बाटली कचऱ्यात टाकत नाही, कारण ते नाणं फेकणं आहे. पार्ट्यांनंतर लोक बाटल्या पेटीच्या शेजारी ठेवतात, गोळा करणाऱ्याला आत हात घालायला लागू नये म्हणून. रानजाईंचं वाचून तेच आठवलं.

आणि शेजारीण म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी. मी एकदा बायोच्या (ओल्या कचऱ्याच्या) डब्यात 'कंपोस्टेबल' लिहिलेली पिशवी टाकली. त्यांनी ती काढून, धुऊन, घडी करून माझ्या दाराला लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. सदाशिव पेठेत राहिल्यात की काय असं वाटलं.

पेठेबाहेरचा

@हायडेलबर्गी_पोहे, सदाशिव पेठेत घडी केली नसती, पाटी लावली असती: 'कचरा टाकून जाणाऱ्याने पत्ताही टाकावा, परत पाठवणे सोपे जाते.'

आडगावचा_शहाणा

अनामतीचं आपल्याकडेही ठरलं होतं की. २०१८ ची राज्याची प्लॅस्टिकबंदी आठवा, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. त्यातच दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत असंही होतं. मी सहा महिने पिशव्या धुऊन, वाळवून खिळ्याला लावल्या. दूधवाल्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे म्हैस परत मागतोय.

बाराची_गाडी

😂 म्हैस!

मुंबईचा_उंदीर

मुंबईत काय काय करून झालंय ते मोजतो. १९९७ पासून मोहल्ला पातळीवरच्या नागरिक समित्या (एएलएम). २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांना फर्मान, ओला कचरा आवारातच जिरवा, २ ऑक्टोबरची मुदत. मग जे करतील त्यांना मालमत्ता करात सवलत. २०२५ मध्ये उपविधींचा मसुदा आला, ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्यावर ३०० पर्यंत ५००. त्यावर केवढी हरकतींची ओरड झाली ते आठवत असेल.

माझं म्हणणं एवढंच की सपाट शुल्काने कोणीच कचरा कमी करणार नाही. महिना शंभर दिले की माणूस म्हणतो, पैसे भरलेत, आता काहीही टाकतो. शुल्क लावायचंच तर न वेगळ्या केलेल्याला जास्त लावा. आणि देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून चालू आहे, आधी त्याचं काय ते बोला. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा आमच्या चेंबूरच्या खिडक्या कित्येक दिवस बंद होत्या.

नियमबद्ध

@मुंबईचा_उंदीर, जास्त लावायचं तर मोजणार कोण? पोत्यावर नाव नसतं.

सोनचाफा

आमच्या बहिणीच्या सोसायटीत बकेटवर फ्लॅट नंबर रंगवलाय. न केलेल्यांची यादी लिफ्टमध्ये. दोन महिन्यांत नव्वद टक्के लोक सुधारले म्हणे.

कोवळं_ऊन

लिफ्टमधली यादी मला अजिबात आवडली नाही. आमच्याकडे एक आजोबा एकटे राहतात, दिसत नाही नीट. त्यांचं नाव तीनदा लागलं. चौथ्यांदा मी फाडून टाकलं. आता त्यांचा डबा मी बघते. पण प्रत्येक मजल्यावर असं कोणी असेलच असं नाही.

फुलपगार

मी क्वचित लिहितो. कचरा डेपोशेजारच्या एका गावात माझी मावशी राहते. नाव लिहीत नाही, पुणेकर ओळखतील. लहानपणी तिच्याकडे सुट्टीत जायचो तेव्हा विहिरीत पोहायचो. नंतर विहीर बंद, टँकर सुरू. तिच्या मुलाच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला माश्यांसाठी पंखे लावले होते, उन्हासाठी नाही. मुली द्यायला लोक कचरत, हा शब्दही बघा कसा आहे.

तुमचे सहाशे रुपये, मांजर, पाटी, सगळं वाचलं, हसलोही. पण गावकरी गाड्या अडवतात तेव्हा शहरातली वर्तमानपत्रं 'पुण्याची कचराकोंडी' असा मथळा देतात. कोंडी कोणाची?

रानजाई

फुलपगार, लिहिलंत ते बरं केलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आज वनाजला मेट्रोचा डेपो आहे, ती आधी कोथरूडच्या कचरा डेपोची जागा. शहर तिथवर पोचलं तेव्हा डेपो सरकला. कचऱ्याला दरवेळी कोणाचं तरी 'बाहेर' सापडतं.

पेठेबाहेरचा

चार दिवस धाग्याकडे फिरकलो नाही, कारण हौदात होतो. शब्दशः.

फुलपगार यांचा प्रतिसाद कमिटीच्या बैठकीत जसाच्या तसा वाचला. 'गप्प बसा'वाले गप्प बसले. ठरलं ते असं: प्रकल्प चालू होईपर्यंत सूट नको असं पत्र द्यायचं. यावर चार सभासद माझ्याशी बोलत नाहीत. त्यातल्या दोघांचं न बोलणं सुखद आहे.

कंत्राटदाराचा भाव ऐकून तो विषय संपला. आता ताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, घरातला कचरा आम्ही नेतोच, खड्डा बघायचा तर वेगळे पैसे. रास्त आहे. रकमेवर बोलणी चालू.

आता तांत्रिक मदत द्या. फरशा काढल्या, बांबू मंडळाला परत. वास आणि अळ्या या दोन भीतींमुळे बायका-पुरुष सगळेच विरोधात आहेत.

तळकोकणी

वास येतो तो पाण्यामुळे. ओला जितका, जवळपास तितकाच सुका पाला, भुसा किंवा नारळाच्या सोडणाचा चुरा. थर द्या, दोन-तीन दिवसांनी खालवर करा. सुरुवातीला शेण किंवा आंबट ताक शिंपडा. आंबलेली भाजी, उरलेली आमटी आधी गाळून घ्या. खाली निचऱ्याला भोक आहे का बघा, चौदा वर्षांत बुजलं असेल.

सोनचाफा

करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या आल्या तर घाबरू नका, काळ्या सैनिकमाशीच्या असतात. त्या चावत नाहीत, घरात येत नाहीत, उलट काम भराभर करतात. कोंबड्या असत्या तर मेजवानी. एवढंच की लहान मुलांना आधी दाखवा, मोठ्यांना नंतर. मुलं किंचाळत नाहीत.

आडगावचा_शहाणा

सूट सोडलीत! पेठेबाहेरचे असूनही! सहाशे गुणिले ६४ म्हणजे अडतीस हजार चारशे! माझा बीपी वाढला.

बाय द वे, रानजाईंचं वाचून गाडीवरच्या पोराला त्याचं नाव विचारलं. तो म्हणाला, काका, आतलं मधलं पत्र्याचं गेल्या वर्षीच लावलंय, तुम्हीच एकत्र देता. आता काय बोलणार.

खवचट_खारूताई

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहिलंच. आमच्या ओट्याखाली बदल झाला तो कालपासून. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. चहाचा चोथा आता ओल्यात जातो. टी-बॅगसकट, दोरा-स्टेपलसकट जातो, पण जातो.

कोवळं_ऊन

तिसऱ्या खणाचं काय झालं ते कोणी विचारत कसं नाही? मांजर?

पेठेबाहेरचा

तीन पिल्लं, डोळे उघडलेत. एकमताने ठराव, पहिले दोन खण चालू, तिसरा महिनाभर राखीव. इतिवृत्तात 'तांत्रिक कारणास्तव' लिहिलंय.

आता शेवटचा प्रश्न. आंबे सुरू झालेत. रोज पन्नास-साठ कोयी पडतायत, त्यांचं काय करायचं?

तळकोकणी

कोयी खड्ड्यात टाकू नका, लवकर कुजत नाहीत, उगवतात मात्र. वाळवून वेगळ्या ठेवा, पावसाळा लागला की रुजवा. हापूस असतील तर मला कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जातो. आंबेसुद्धा.